स्वीकारावर आधारलेला मानसोपचार: चिंता असतानाही पाऊल कसे उचलावे

चिंताविकाराने त्रासलेला माणूस उपचारासाठी येतो तेव्हा त्याची मागणी बहुधा एकच असते, ती म्हणजे ही चिंता घालवून टाका. मागणी स्वाभाविक आहे. परंतु स्वीकारावर आधारलेला मानसोपचार आधी वेगळेच विचारतो: चिंता वाट्याला येऊ नये म्हणून तुम्ही आजवर काय काय सोडून दिलेत?

म्हणून पहिले काम नोंदींचे. एक-दोन आठवडे रोज वहीत लिहावे की चिंता केव्हा आली, शरीरात काय जाणवले, ती शमवण्यासाठी आपण काय केले, त्याचा तात्काळ परिणाम काय झाला आणि नंतर काय झाले. यातला शेवटचा रकाना सर्वांत बोलका असतो. बैठकीत बोलायचे टाळले की छातीतली धडधड लगेच ओसरते, आणि नेमकी हीच सुटका पुढच्या वेळीही टाळायला शिकवते. वर्षभराने धडधड तशीच राहते. फक्त बोलण्याच्या जागा कमी झालेल्या असतात.

नको असलेला विचार दडपून टाकणेही असेच अंगाशी येते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागींना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले होते, तरी तो त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा येत राहिला. पुढे तो विचार करायची मुभा मिळाल्यावर तर, सुरुवातीपासून मुभा असलेल्यांपेक्षाही त्यांना तो अधिक वेळा आला.

आता प्रत्यक्ष सराव. चिंता जाणवेल तेव्हा ती नेमकी कुठे आहे ते पाहावे: घशात आवंढा, पोटात खड्डा, की तळहातांना घाम? ती किती जागा व्यापते, वाढते की कमी होते, याकडे काही मिनिटे कुतूहलाने लक्ष द्यावे आणि तिला घालवण्यासाठी काहीही करू नये. स्वीकार तो हाच. चिंता आवडली पाहिजे किंवा परिस्थितीपुढे हार मानली पाहिजे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

विचारांबाबतही असेच करायचे असते. ‘माझी फजिती होणार’ हा विचार आला की तो खरा की खोटा याचा वाद घालत न बसता, ‘माझी फजिती होणार, असा विचार आत्ता माझ्या मनात आला आहे’ असे म्हणावे. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकापासून विकसित केलेल्या ‘स्वीकार आणि बांधिलकी’ उपचारपद्धतीत या सरावाला महत्त्वाचे स्थान आहे. विचार तोच राहतो, पण त्याचा हुकूम पाळलाच पाहिजे ही सक्ती सैल होते.

माझ्या मते या उपचाराचा खरा गाभा मात्र यापुढे आहे. आपल्याला कशा प्रकारे जगायचे आहे, नात्यांत, कामात, शिकण्यात आपल्याला काय मोलाचे वाटते, हे थेरपिस्टबरोबर सावकाश शोधावे लागते. ‘मला शांत वाटावे’ हे उत्तर इथे चालत नाही. ‘सहकाऱ्यांशी प्रामाणिकपणे वागावे’ हे चालते, कारण ते आज, धडधड चालू असतानाही करता येते. मग त्यातूनच एक लहान पाऊल ठरवावे: पुढच्या बैठकीत एक प्रश्न विचारायचा. आवाज थरथरला तरी विचारायचा, आणि वहीत चिंता किती होती यापेक्षा प्रश्न विचारला की नाही, हे आधी लिहायचे. चिंतेचा आकडा मोजत बसले की सगळी मेहनत पुन्हा तो आकडा उतरवण्याकडे वळते आणि स्वीकार हीदेखील टाळण्याची नवी युक्ती होऊन बसते. सरावाने चिंता अनेकदा कमी होते, पण त्या अटीवर सराव करू नये.

ही पद्धत इतर सगळ्या उपचारांपेक्षा सरस आहे, असा दावा करणे योग्य नाही. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात तिचा एकूण परिणाम प्रस्थापित बोधात्मक वर्तनोपचाराइतकाच, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या उपचाराइतकाच, आढळला. थायरॉइडच्या किंवा हृदयाच्या आजारातही धडधड होऊ शकते, म्हणून वैद्यकीय तपासणी आधी करून घ्यावी. चालू असलेली औषधे स्वतःहून बंद करू नयेत. झोप आणि रोजचे काम कोलमडले असेल, जुन्या आघाताच्या आठवणी उसळत असतील, तर हा सराव एकट्याने न करता प्रशिक्षित तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावा. आणि जीव नकोसा वाटत असेल, तर सराव बाजूला ठेवून त्याच क्षणी तातडीची मदत मागावी.