गावात बसून हिमालयाचं दबणं कसं मोजायचं

मोबाईलचं जीपीएस इथं कामाचं नाही भाऊ, ते चार-पाच मीटर इकडंतिकडं दाखवते. अमेरिकेतल्या नेवाडा जिओडेटिक लॅबोरेटरीच्या साइटवर हैदराबाद आन् ल्हासाच्या (तिबेटात, हिमालयाच्या पल्याड) पक्क्या जीपीएस स्टेशनांचा रोजचा डेटा फुकट भेटते, तो घ्या, एक्सेलमधी तारीख (दशांश वर्षात) आन् स्टेशन उत्तरेला किती सरकलं तो आकडा असा ग्राफ काढा, त्याचा उतार म्हणजे वर्षाचा वेग. हैदराबाद, आन् त्याच्यासंग आपला विदर्भ बी, वर्षाला 34 मिलिमीटरच्या आसपास उत्तरेला जाते, ल्हासा जवळपास निम्म्यानंच. मधातले वर्षाला 2 सेंटीमीटर हिमालय दोन्हीकडून दबण्यात जाते, आन् हेच खरं पाहण्यासारखं हाय, कारण खालची फॉल्ट (खडकातली मोठी भेग) अडकून असते, ताण साठत राह्यते आन् मंग भूकंपात एकदम सुटते; 2015 च्या नेपाळ भूकंपात काठमांडूकडची जमीन मीटरभराहून जास्त दक्षिणेला सरकली. ग्राफमधी एकदम पायरी दिसली तर आधी स्टेशनची अँटेना बदलली का ते पहा.