अमेरिकेत कॅल्क्युलस वन घेताय? प्रोफेसर निवडताना आणि निवडल्यावरही या चुका टाळा

अमेरिकेतल्या कॉलेजांचं रजिस्ट्रेशन उघडलं की पहिल्या वर्षाच्या मराठी मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो: "कॅल्क वनला सोपं कोण आहे?" आपल्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही. कॉलेज तुकडी ठरवतं, वेळापत्रक बोर्डावर लागतं आणि जे सर वर्गात येतील ते आपले सर. फार तर बाहेरचा क्लास आपण निवडतो. इथे एकाच विषयाचे पाच-दहा सेक्शन असतात, प्रत्येकाचा शिक्षक वेगळा, वेळ वेगळी, कधी गुणांची पद्धतही वेगळी. निवड तुमची, आणि ती निस्तरायचीही तुम्हीच.

मी एका कम्युनिटी कॉलेजच्या (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजच्या) ट्यूटरिंग सेंटरमध्ये गणित घेऊन बसते. समोर कधी सोलापूर-नाशिकहून आलेली मुलं असतात, तर कधी इथेच वाढलेली, मराठी फक्त आजीशी बोलणारी. चुका बहुतेक त्याच त्या.

सोप्या प्रोफेसरचा शोध

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबते. कोलोरॅडोमध्ये अमेरिकी हवाई दलाची अकादमी आहे. तिथे विद्यार्थ्याला प्रोफेसर निवडता येत नाही, वाटप यादृच्छिक असतं, आणि कॅल्क्युलसचा अभ्यासक्रम व परीक्षा सगळ्या सेक्शनना सारखीच. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या दहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचे निकाल तपासले आणि २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. कॅल्क्युलस वनमध्ये कमी अनुभवी शिक्षकांकडे शिकणाऱ्या मुलांना त्या सत्रात जास्त गुण पडत होते. ज्या शिक्षकांकडे त्या सत्रात गुण वाढत, त्यांना मुलांनी दिलेले शेरेही चांगले. पुढे कॅल्क्युलसवर उभ्या असलेल्या कोर्समध्ये मात्र चित्र उलटं झालं. अनुभवी, जास्त शिकलेल्या शिक्षकांच्या हाताखालून गेलेली मुलं तिथे पुढे निघाली.

म्हणजे ज्या शिक्षकाला मुलं "भारी शिकवतात" म्हणून नावाजतात, तो तुम्हाला या परीक्षेपुरता तयार करत असेल, अशी शक्यता धरून चाला. कॅल्क वन हा ज्याचा शेवटचा गणिताचा कोर्स आहे, त्याने खुशाल सोपा सेक्शन घ्यावा, माझी काही हरकत नाही. इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स किंवा फिजिक्सवाल्याला पुढे कॅल्क टू आहे, मग मल्टिव्हेरिएबल, मग डिफरन्शियल इक्वेशन्स. त्याने 'सोपं कोण' ऐवजी 'या सरांची मुलं कॅल्क टूमध्ये कशी निघतात' हे विचारावं. उत्तर देणारं कोणीतरी सापडतंच: एक वर्ष पुढे असलेली मुलं, ट्यूटरिंग सेंटरमधले ट्यूटर, डिपार्टमेंटच्या ऑफिसातल्या बाई.

फक्त तारे मोजणं

प्रोफेसरांना तारे आणि शेरे देण्याचं रेट माय प्रोफेसर्स हे संकेतस्थळ १९९९ पासून आहे आणि मुलं ते पंचांगासारखं उघडतात. आकडा बघू नका, मजकूर वाचा. शेरा लिहायला येतो तो एक तर फार खूश असतो नाही तर फार चिडलेला; मधले बहुसंख्य काही लिहीतच नाहीत. त्यातूनही कामाचं बरंच निघतं. "टफ ग्रेडर" या शिक्क्याला घाबरून पुढे जाऊ नका, त्याखाली काय लिहिलंय ते बघा. "परीक्षेतले प्रश्न होमवर्कपेक्षा वेगळेच असतात" अशी तक्रार तीन वेगवेगळ्या सत्रांतल्या मुलांनी केली असेल तर ती गंभीर. "सी दिला, अन्याय आहे" याला काडीचीही किंमत नाही. शेरा कोणत्या कोर्सचा आहे तेही बघा. एखादा माणूस लिनिअर अल्जेब्राला उत्तम आणि कॅल्क वनला कंटाळलेला असू शकतो.

उच्चारांवरून केलेल्या तक्रारी तर मी सरळ सोडून देते. आपल्याच मुलांनी एखाद्या चिनी किंवा रशियन टीएच्या (शिकवायला मदत करणाऱ्या वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याच्या) इंग्रजीला नावं ठेवावीत हे ऐकून मौज वाटते.

काही सरकारी विद्यापीठांत सेक्शननिहाय ग्रेडची आकडेवारी जाहीर असते. विस्कॉन्सिन-मॅडिसनमध्ये ती कोणालाही बघता येते. पण आकडेवारी वाचण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या: परीक्षा सामायिक आहे का? मिशिगन विद्यापीठात पहिल्या कॅल्क्युलसचे वर्ग लहान आणि बरेच असतात, पण मुख्य परीक्षा सगळ्यांना एकच. अशा ठिकाणी 'सढळ हाताने गुण देणारे सर' शोधण्यात अर्थच उरत नाही. पेपर त्यांच्या एकट्याच्या हातात नसतो. तिथे फक्त समजावतं कोण, एवढंच बघायचं.

वेळापत्रकात शिक्षकाच्या जागी नुसतं "स्टाफ" लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ नाव अजून ठरलेलं नाही एवढाच. तो सेक्शन वाईट असेलच असं नाही. नाव लागेपर्यंत दर दोन दिवसांनी बघत राहा. भारतातून येणाऱ्या मुलांचं रजिस्ट्रेशन बऱ्याच ठिकाणी ऑगस्टमध्ये ओरिएंटेशनलाच होतं, तोवर नावाजलेले सेक्शन भरून गेलेले असतात. वेटलिस्टवर नाव टाका आणि पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसा. पहिल्या आठवड्यात गळती होते.

सिलॅबस न वाचणं

आपल्याला सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी वाटते. इथे तो जवळजवळ करारनामा असतो. पहिल्या तासाला तो हातात आला की धडे सोडा, टक्केवारी काढा. समजा एका सेक्शनला दोन मिडटर्म आणि फायनल मिळून ९० टक्के आहेत, दुसऱ्याला तीन मिडटर्म, दर शुक्रवारी क्विझ, सगळ्यात कमी गुणांची क्विझ रद्द, आणि फायनल चांगली गेली तर ती एका मिडटर्मची जागा घेते. पहिला पेपर बिघडल्यावर या दोन सेक्शनमधल्या मुलांची अवस्था किती वेगळी असेल बघा. पहिल्यांदाच या पद्धतीत येणाऱ्याने दुसरा घ्यावा, मग भले त्याला दर शुक्रवारी वैताग येवो.

ऑफिस अवर्सची, म्हणजे प्रोफेसर शंका सोडवायला ऑफिसात बसतात ती वेळ तुमच्या दुसऱ्या तासांशी आदळत नाही ना, तेही तिथेच कळतं. जुने पेपर देतात का, हे विचारायला लाजू नका. मिशिगनच्या कॅल्क्युलसचे जुने पेपर नेटवर उघडे आहेत. तुमचं विद्यापीठ दुसरं असलं तरी ते सोडवून बघा. एकेका प्रश्नात किती वाचावं लागतं ते पाहूनच डोळे उघडतात.

"हे तर बारावीला झालंय"

"काकू, बोर्डात मॅथ्सला ९२ होते," असं सांगणारा मुलगा ऑक्टोबरमध्ये पडेल चेहऱ्याने येतो. त्याचं डेरिव्हेटिव्ह काढणं इथल्या मुलांपेक्षा चपळ असतं. चेन रूल, प्रॉडक्ट रूल, लॉग घेऊन करायची गणितं, सगळं तोंडपाठ. आणि पेपरात प्रश्न येतो: टाकीत टी मिनिटांनी व्ही(टी) गॅलन पाणी आहे. व्ही(५) = ४० आणि व्ही′(५) = −३. दुसऱ्या विधानाचा अर्थ एका वाक्यात, एककांसह लिहा.

तो लिहितो, "पाच मिनिटांत तीन गॅलन पाणी कमी झालं." शून्य गुण. बरोबर उत्तर: पाचवं मिनिट पूर्ण होताना टाकीतलं पाणी मिनिटाला तीन गॅलन या वेगाने कमी होत आहे. पाच मिनिटांत एकूण किती गेलं याबद्दल व्ही′(५) काहीच सांगत नाही. पुढचा उपप्रश्न असतो: साडेपाच मिनिटांनी साधारण किती पाणी असेल? चाळीसमधून तीनचा निम्मा वजा, म्हणजे सुमारे ३८.५ गॅलन. सूत्र न देता आकडा मागितला की हा मुलगा व्ही(टी) चं समीकरण शोधत बसतो, ते पेपरात कुठेच नसतं.

यावर उपाय साधा आहे. घरी प्रत्येक उत्तराखाली एक पूर्ण वाक्य लिहायचं, एकक घालून. मुलांना हे बालवाडीचं काम वाटतं आणि नेमकं तेच ती टाळतात.

कॅल्क्युलसला दोष, चूक नववीच्या गणिताची

लिमिटच्या व्याख्येवरून १/एक्स चं २ पाशी डेरिव्हेटिव्ह काढा, असं म्हटलं की १/(२ + एच) वजा १/२, आणि सगळ्याला एच ने भाग. इथे अर्धा वर्ग १/(२ + एच) चे तुकडे करून १/२ + १/एच लिहितो. एच ला १ धरून ताळा केला असता तर एक तृतीयांश म्हणजे दीड नव्हे हे लगेच दिसलं असतं. छेद समान केला की अंशात −एच उरतो, छेदात २(२ + एच). एच कटतो, आणि मग शेवटच्या ओळीत एच शून्याकडे नेला की उत्तर −१/४. एवढ्या उदाहरणात कॅल्क्युलस फक्त त्या शेवटच्या ओळीत आहे. बाकी सगळी बीजगणिताची रोजची कामं.

म्हणून प्लेसमेंट टेस्ट (कोणत्या पातळीचं गणित घ्यायचं ते ठरवणारी चाचणी) घरी बसून द्यायची असली तरी मोठ्या भावाला शेजारी बसवू नका. अनेक कॉलेजं यासाठी एलेक्स नावाची ऑनलाइन चाचणी वापरतात. उधारीच्या गुणांवर कॅल्क वनमध्ये बसलात तर सहाव्या आठवड्यात वसुली होते. प्रीकॅल्क्युलस सुचवलं गेलं तर ते घेण्यात कमीपणा नाही, हे मुलांपेक्षा आईवडिलांना जास्त सांगावं लागतं.

जाता जाता आणखी एक. "बिझनेस कॅल्क्युलस" किंवा "अप्लाइड कॅल्क्युलस" सोपं म्हणून घेतलं आणि मेजर इंजिनिअरिंगचं असेल, तर बहुतेक ठिकाणी ते क्रेडिट धरलं जात नाही. फी गेली, सत्र गेलं. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजातून पुढे सरकारी विद्यापीठात जायचं असेल तर कोणता कोर्स कुठे चालतो ते असिस्टच्या संकेतस्थळावर आधी बघा.

एकट्याने घासत बसणं

१९७० च्या दशकात बर्कलीला उरी ट्राइझमन नावाच्या संशोधकाने कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या आणि पुढे असणाऱ्या मुलांचा अभ्यास जवळून पाहिला. मागे पडणारी कृष्णवर्णीय मुलं आळशी नव्हती. ती तासन्‌तास अभ्यास करत होती, पण एकेकटी. चिनी वंशाची मुलं आधी स्वतः सोडवत, मग एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासत, वाद घालत, आणि आपण वर्गात कुठे आहोत हे त्यांना कळत राही. त्यावरून ट्राइझमनने अवघड गणितांची गट-कार्यशाळा सुरू केली आणि तिथल्या मुलांचे निकाल लक्षणीय सुधारले. आपली मुलं एक तर खोलीत कोंडून घेतात नाही तर गटात बसून उत्तरं उतरवतात. आधी एकट्याने, मग गटात, हा क्रम मोडू नका.

पहिली मिडटर्म बिघडली तर

पेपर बॅगेत कोंबू नका. तो घेऊन त्याच आठवड्यात ऑफिस अवर्सला जा आणि "मी काय करू?" ऐवजी "चौथ्या प्रश्नात दुसऱ्या ओळीनंतर मी कुठे घसरलो?" असं विचारा. प्रोफेसर खरंच जुळत नसेल तर अ‍ॅड-ड्रॉपची, म्हणजे कोर्स घ्यायची-सोडायची, मुदत असेपर्यंत सेक्शन बदला. ती उलटली असेल तर विड्रॉ करण्याची तारीख बघा. डब्ल्यू ट्रान्सक्रिप्टवर दिसतो, पण जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) मोजला जात नाही. एफ मोजला जातो.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांनी मात्र बटण दाबण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसमध्ये डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं काम बघणाऱ्या कॉलेजच्या अधिकाऱ्याला) भेटायचंच. बॅचलर्सला साधारणपणे सत्राला १२ क्रेडिट हवीत. कॅल्क सोडल्याने ती कमी होणार असतील तर परवानगी आधी लागते, नंतर सांगून चालत नाही. चुकीच्या पातळीच्या कोर्सात बसवलं गेलं असेल, तर त्या कारणावरून कमी क्रेडिटची परवानगी मिळण्याची तरतूद नियमात आहे. ती एका पदवीच्या पातळीवर एकदाच मिळते, आणि तेव्हाही किमान सहा क्रेडिट ठेवावी लागतात. "मग त्याऐवजी ऑनलाइन सेक्शन घेतो" हाही मार्ग तोकडाच, कारण पूर्णवेळ भरण्यासाठी सत्राला एकच ऑनलाइन कोर्स, जास्तीत जास्त तीन क्रेडिटचा, धरला जातो. कॅल्क वन बहुतेक ठिकाणी चार क्रेडिटचा असतो.

आणि गाडी रुळावर असेल, तर वसंत सत्राचं रजिस्ट्रेशन साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच उघडतं हे लक्षात ठेवा. त्याआधी आपल्याच सरांना विचारा, "कॅल्क टू कोणाकडे घेऊ?" सहकाऱ्याबद्दल ते वाईट बोलणार नाहीत. पण कोणाचं नाव ते पहिलं घेतात, ते लिहून ठेवा.