यू झोउ चांग वान : भूप वाटणारी, पण भूप नसलेली गुझेंग-रचना

चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीवरचं हवामानवृत्त कधी कानावर पडलं असेल, तर ही धून ओळखीची वाटेल. १९८० च्या दशकापासून तिचं इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवलेलं रूप तिथे पार्श्वभूमीला असतं. मूळ रचना मात्र गुझेंग या आडव्या चिनी तंतुवाद्याची, साधारण साडेतीन-चार मिनिटांची. ‘यू झोउ’ म्हणजे मासेमारीची होडी, ‘चांग’ म्हणजे गाणं आणि ‘वान’ म्हणजे संध्याकाळ.

ऐकायला रेकॉर्डिंग शोधताना आधी वाद्य ओळखा. ‘चिनी झिथर’ या एकाच नावाखाली गुछिन आणि गुझेंग अशी दोन वाद्यं मिळतात. गुछिनला सात तारा असतात, घोड्या (तारेखालचे आधाराचे छोटे तुकडे) नसतात, आवाज खोल आणि अगदी हळू. गुझेंग लांबीला साधारण १६३ सेंटिमीटर, त्यावर २१ तारा, आणि प्रत्येक तारेखाली स्वतःची सरकती घोडी. तुम्ही लावलेल्या ध्वनिफितीत तारांवरून झरझर घसरणारे स्वर नसतील, तर बहुधा तुम्ही गुछिन ऐकताय.

नाव जुनं, रचना नवी

शीर्षक घेतलंय तांग काळातल्या वांग बो या कवीच्या गद्यातून. त्याने इसवी सन ६७५ मध्ये आजच्या च्यांगशी प्रांतातल्या नानचांग शहरी, तंगवांग मनोऱ्यावरच्या मेजवानीत एक प्रस्तावना लिहिली. तिच्यात होड्यांवरचं संध्याकाळचं गाणं फंगली सरोवराच्या काठापर्यंत ऐकू जातं, अशी ओळ आहे. फंगली म्हणजे आजचं पोयांग सरोवर. एवढ्यावरून बऱ्याच कार्यक्रमपत्रिकांत ‘तांगकालीन धून’ असं बिनधास्त छापलं जातं. ते चूक आहे. रचना १९३० च्या दशकातली आहे, तिला शंभर वर्षंही झालेली नाहीत. श्रेय सहसा लोउ शूहुआ या वादकाला दिलं जातं. शानतुंग प्रांतातले जिन झुओनान यांच्याकडच्या जुन्या धुनांवरून ती बेतली आहे, असाही दावा आहे आणि हा वाद अभ्यासकांत अजून मिटलेला नाही. कार्यक्रमाचं निवेदन लिहायचं असेल, तर ‘पारंपरिक सामग्रीवर आधारित, १९३० चं दशक, लोउ शूहुआ’ एवढं पुरे.

कान आधी लावा, वाद्य नंतर

गुझेंग बहुतेक वेळा डी पट्टीत, पाच स्वरांत मिळवलेलं असतं. आपल्या भाषेत सा पांढरी दोनवर (हार्मोनियमची दुसरी पांढरी पट्टी), आणि तारा सा रे ग प ध. हिंदुस्तानी संगीत ऐकणारा लगेच म्हणतो, ‘हा तर भूप.’ इथेच गडबड होते.

भूप रागात गंधार वादी (सर्वांत महत्त्वाचा स्वर), धैवत संवादी (त्याच्या खालोखालचा). या रचनेचा जीव मात्र पंचमात आहे. चाल पुन्हा पुन्हा पंचमावर येऊन टेकते आणि षड्जाला घर मानतच नाही. तपासायचं असेल तर तानपुऱ्याच्या ॲपवर सा पांढरी सहा लावा, म्हणजे या रचनेचा पंचमच सा झाला, आणि पहिला भाग ऐका. ऐकता ऐकता दुर्गा राग समोर उभा राहतो. यात जादू काही नाही. भूपाची पंचमावरून मूर्च्छना घेतली, म्हणजे स्वर तेच ठेवून पंचमाला सा मानलं, की सा रे म प ध मिळतात, आणि ते दुर्गेचे स्वर. हा प्रयोग एकदाच करा. वाजवताना मात्र तानपुरा नको. या संगीतात अखंड आधारस्वराची कल्पना नाही, आणि दुसऱ्या भागात तानपुरा अडचणच करतो.

दुसऱ्या भागात, लय वाढल्यावर, एक नवा स्वर येतो. पांढरी दोनला सा धरला तर शुद्ध मध्यम. चिनी परंपरेत याला ‘छिंग च्युए’ म्हणतात. गंधार बाजूला सरकतो, मध्यम पुढे येतो आणि थोडा वेळ घरच बदललं की काय असं वाटतं. पांढरी सहाला सा धरून ऐकत असाल तर दुर्गेचा धैवत जाऊन कोमल निषाद आल्यासारखं, म्हणजे रंग मधमाद सारंग रागाकडे झुकल्यासारखा वाटेल. ती जागा पहिल्याच ऐकण्यात सापडली, तर पुढचं अर्धं काम झालं.

वाद्य मिळवणं

पहिली तार म्हणजे तुमच्या सर्वांत जवळची, सर्वांत बारीक. एकविसावी सर्वांत लांबची आणि जाड. षड्ज येतो तारा १, ६, ११, १६ आणि २१ वर. हिरव्या तारा म्हणजे पंचम : ३, ८, १३, १८. गंधार ४, ९, १४, १९ वर. धैवत २, ७, १२, १७ वर. ऋषभ ५, १०, १५, २० वर. ट्यूनर वापरत असाल तर ११ वी तार २९३.७ हर्ट्झवर आणि २१ वी ७३.४ वर हवी.

आधी अकरावी तार लावा, तिच्यावरून वरचे-खालचे षड्ज, मग हिरव्या तारा, शेवटी बाकीच्या. तार थोडीशीच उतरली-चढली असेल तर किल्लीला हात लावू नका, घोडी सरकवा. छेडतो तो भाग घोडीच्या उजवीकडे असतो. म्हणून घोडी उजवीकडे नेली की स्वर चढतो, डावीकडे नेली की उतरतो. एक-दोन मिलिमीटर पुरतात. सगळ्या घोड्यांची रांग तिरकी, एकसारखी दिसली पाहिजे. एखादी रांगेबाहेर गेलेली दिसली तर तिथे घोडीने भागवू नका, तार किल्लीने लावा. नव्या तारा पहिले काही दिवस रोज उतरतात, त्याला इलाज नाही. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तारा पुसून ठेवा. आत पोलाद असतं, ते गंजतं.

नखं

उजव्या हाताच्या अंगठ्याला, तर्जनीला, मधल्या बोटाला आणि अनामिकेला वेगळी नखं चिकटपट्टीने बांधतात. नख बोटाच्या पोटाच्या बाजूला येतं आणि बोटाच्या टोकापुढे साधारण अर्धा सेंटिमीटर डोकावतं. पट्टी दोन वेढे, आणि वेढा पहिल्या सांध्याच्या अलीकडे, बोटाच्या टोकाच्या बाजूलाच राहिला पाहिजे. सांधा झाकला गेला की बोट वाकत नाही, मग सगळा हात मनगटातून ओढला जातो आणि आवाज खडखडतो. अंगठ्याचं नख सरळ न लावता जरा तिरकं लावा, तेव्हाच ते तारेला सपाट भिडतं.

आकडे वाचणं

स्वरलिपी आकड्यांची असते : १ म्हणजे सा, २ रे, ३ ग, ५ प, ६ ध. आकड्यावर टिंब तार सप्तकाचं, खाली टिंब मंद्राचं. भातखंडे लिपी वाचणाऱ्याला हे घरचंच वाटेल. आकड्याखालची रेघ म्हणजे निम्मा काळ, दोन रेघा म्हणजे पाव. ४ दिसला की थांबा. ती तार वाद्यावर नाही, ती डाव्या हाताने दाबून काढायची असते.

पहिला भाग : हळू, आणि डाव्या हाताचा

इथे बोटं सोपी आहेत. अंगठ्याने बाहेर (‘तुओ’), तर्जनीने आत (‘मो’), मधल्या बोटाने आत (‘गोउ’), आणि अंगठा व मधलं बोट मिळून सप्तकाची जोडी (‘दा त्सुओ’). अवघड आहे ते स्वराच्या शेपटीचं.

डाव्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकत्र जुळवून तारेवर, घोडीच्या डाव्या बाजूला साधारण १५ ते २० सेंटिमीटरवर ठेवा. घोडीला चिकटून दाबलं तर जोर फार लागतो आणि घोडी सरकते. फार लांब गेलात तर तार मऊ लागते आणि स्वर नेमका सापडत नाही. लांब स्वरांवर हलकं आंदोलन द्या, म्हणजे तार हळुवार दाबत-सोडत स्वर डोलवा. ते स्वर वाजल्यावर, थोडं थांबून सुरू होतं. सतारीवर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) घेणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल : इथेही दाबल्यावर स्वर फक्त चढतो. उतरती मींड हवी असेल तर आधी दाबून ठेवायचं, मग छेडायचं, मग सोडायचं. चढतीसाठी रे छेडा आणि नाद जिवंत असतानाच दाबून ग पर्यंत न्या. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे छेडायच्या आधीच दाबून बसणं. मग घसरण ऐकूच येत नाही, नुसता ग वाजतो.

प्रत्येक स्वराला आंदोलन देऊ नका. पाणी संथ आहे. सगळीकडे थरथर घातली की ते उकळायला लागतं.

दुसरा भाग : तो मध्यम

नववी तार म्हणजे गंधार, ३७० हर्ट्झ. ती दाबून ३९२ वर न्यायची आहे, अर्ध्या स्वराची चढण. हार्मोनियम जवळ असेल तर पांढरी पाच दाबून धरा आणि नववी तार तिच्यात मिसळेपर्यंत दाबा. मिसळली की लाटांसारखा ‘वांव-वांव’ थांबतो. त्या क्षणी बोटाखाली तार किती खाली गेली आहे ते पाहून ठेवा. वीस वेळा करा, मग हार्मोनियम बंद करून वीस वेळा. दाब कमी पडला तर मध्यम बेसूर गंधारासारखा वाटतो आणि ऐकणाऱ्याला वाद्यच उतरल्यासारखं वाटतं. जास्त झाला तर तीव्र मध्यमाकडे जातो, आणि तो या रचनेत परका आहे. हा मध्यम थेट, ठाम हवा. त्याच्यावर घसरत येऊ नका.

तिसरा भाग : होड्या काठाला लागतात

लहानसा नमुना आधी एक-एक पायरी चढतो, मग तसाच उतरतो, आणि प्रत्येक फेरीत वेग वाढतो. मधल्या फटी ‘हुआ-झ’ने भरलेल्या असतात. त्यात अंगठा वरच्या बारीक तारांवरून जाड तारांकडे झरकन घसरतो.

चूक इथे ठरलेली : घसरण ठोक्यावर सुरू करणं. ठोक्यावर मुख्य स्वर हवा, घसरण त्याच्यानंतरच्या मोकळ्या जागेत मावली पाहिजे आणि पुढच्या ठोक्याच्या आधी संपली पाहिजे. म्हणून आधी घसरणी काढून टाका. नुसते मुख्य स्वर मेट्रोनोमवर ६० ला (मिनिटाला ६० ठोके) वाजवा, दर दिवशी ४ ने वाढवा. ते १०० ला पक्के झाले की पुन्हा ६० ला येऊन घसरणी घाला. अंगठ्याचं नख तारांत खोल शिरलं तर तो अडकतो आणि वेगाच्या ऐन भरात ठोका चुकतो. नखाचा टोकाकडचा जेमतेम दोन मिलिमीटर भाग तारेला लागला पाहिजे.

वेग वाढवायचा म्हणजे पहिल्याच फेरीत धावायचं नाही. नवशिके चढणीतच सगळं खर्च करतात आणि उतरणीला काही उरत नाही. जोर आणि वेग दोन्ही शेवटच्या फेऱ्यांसाठी राखा.

शेपूट

उत्कर्षाला सगळं एकदम तुटतं. तिथे तळवा ठेवून नाद थांबवायचा की विरू द्यायचा, हे ज्याने त्याने ठरवावं. दोन्ही रीती ऐकायला मिळतात. पण पुढचा हळू भाग घाईने सुरू करू नका, किमान एक पूर्ण श्वास जाऊ द्या. मग आधीच्याच चालीचा छोटा, आटलेला तुकडा येतो आणि रचना षड्जावर संपते. सगळा वेळ पंचमावर टेकत आलेल्या कानाला हा षड्ज अनपेक्षित लागतो. म्हणून शेवटच्या स्वरावर आंदोलन नको, मींड नको. साधा छेडा, आणि नाद संपेपर्यंत हात तारेच्या वर तसाच राहू द्या, पण टेकवू नका.