स्पीकर आणायला निघताय? आधी सुतळी घ्या

गेल्या श्रावणात, कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या सणाच्या, आदल्या शनिवारी, मी चोपड्याहून जळगावला जाऊन कॉम्प्युटरसाठी स्पीकर आणले. दोन छोटे आणि एक खाली ठेवायचा मोठा, ज्याला टू पॉइंट वन म्हणतात तो संच. खोका मांडीवर घेऊन लालपरीने तापी ओलांडली, घरी आलो, जेवण राहू दिलं आणि जोडायला बसलो. रात्री साडेनऊला कळलं की डावा स्पीकर डावीकडे पोचतच नाही. वायर चार फुटांची, जायचं आठ फूट. दुसऱ्या दिवशी रोटांच्या प्रसादासाठी सगळी भाऊबंदकी घरात. काकू-आत्यांची कानबाईची गाणी दोन वर्षं मोबाईलवर टिपून, साफसूफ करून मी मुद्दाम तयार ठेवलेली. आणि दोन्ही स्पीकर स्क्रीनच्या उजव्या अंगाला एकमेकांना खेटून उभे. आई म्हणाली, "इतलं बी तुले समजनं नही का रे भाऊ?" दुपारी कुणाच्या तरी पोराचा पाय ताणलेल्या वायरीत अडकला आणि एक स्पीकर फरशीवर आला.

आता धुळ्याचा मावसभाऊ स्पीकर घ्यायला निघालाय. त्याला फोनवर सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिलं काम दुकानात नाही, घरात. सुतळी घ्या. एक स्पीकर 'मालक' असतो, त्यात ॲम्प्लिफायर आणि बटणं असतात. दुसरा त्याच्या जिवावर वाजतो. टू पॉइंट वनमध्ये बहुधा खालचा मोठा डबाच मालक. म्हणजे तीन वायरी मोजायच्या: प्लगपासून मालकापर्यंत, कॉम्प्युटरच्या पाठीपासून मालकापर्यंत, आणि मालकापासून सर्वांत लांबच्या स्पीकरपर्यंत. सुतळी हवेतून ताणू नका. वायर जशी जाणार तशी न्या: टेबलाच्या पायाने वर, मागच्या कडेने आडवी, स्क्रीनच्या पाठीमागून. वर एक फूट सैल धरा. माझं टेबल पाच फुटी, प्लगबोर्ड उजवीकडे खाली, म्हणून डबाही तिथेच. तिथून अडीच फूट वर, पाच फूट आडवं, वळणाला अर्धा फूट, झाले आठ. हा हिशोब चौथीतलं पोर करेल, पण मी केला नव्हता. डबा डावीकडे सरकवून पाहिला, तर डावा स्पीकर पोचला आणि प्लग पोचेना. डबा मधोमध ठेवला, तर पाय ठेवायला जागा नाही.

तीन सुतळ्या, तीन गाठी, खिशात टाका. दुकानात हेच लागणार आहे.

मग कशासाठी घेताय ते ठरवा, म्हणजे दुकानदार तुमच्यासाठी ठरवणार नाही. कीर्तन, बातम्या, ऑनलाइन शिकवण्या असं बोलणंच जास्त ऐकायचं असेल तर दोनच स्पीकर घ्या, पण प्रत्येकात निदान तीन-चार इंची पडदा, म्हणजे थरथरून आवाज काढणारा गोल भाग, असू द्या. टू पॉइंट वनमध्ये वरचे दोन अगदी चिमुकले असतात आणि खालचा डबा फक्त घुमतो. मधला भाग, म्हणजे नेमका माणसाचा आवाज, दोघांच्या मध्ये कुठेतरी पातळ होऊन जातो. सिनेमा आणि गेमसाठी डबा मजा आणतो, नाही म्हणत नाही. पण भिंतीला भिंत लागून घर असेल तर शेजाऱ्याचा विचार करा. आणि धाब्याचं घर असेल तर छताचाही. आमच्या मधल्या खोलीत डबा घुमला की सऱ्यांमधून बारीक माती कीबोर्डवर पडते. पाच-सहा स्पीकरांच्या संचाचं नावही काढू नका. इथे एका वायरीने माझा जीव घेतला, तिथे पाच असतात.

वॉटचा आकडा. खोक्यावर मोठ्या अक्षरात पीएमपीओ लिहिलेलं असेल तर तिकडे बघायचंच नाही. क्षणभरासाठी, फाटका का होईना, किती आवाज निघेल याचा तो विकणाऱ्याच्या सोयीचा आकडा. त्याला सगळ्यांनी पाळायचं असं मापच नाही. आरएमएस विचारा, म्हणजे सतत किती देतो ते. त्यावरही विश्वास नसेल तर ॲडाप्टर उलटा करा. त्यावर १२ व्होल्ट आणि १.५ अँपिअर लिहिलंय? गुणाकार १८ वॉट. आत १८ जात असतील तर बाहेर सतत ४० निघणार नाहीत, दुकानदार कितीही शपथा घेवो. यूएसबीवर चालणाऱ्यांचं तर आणखी सोपं. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट. यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टमधून साडेचार. खोक्यावरचे २० वॉट मग येतात कुठून? अर्थात टेबलाजवळ बसून दोन-तीन फुटांवरून ऐकायला एवढीशी ताकदही पुष्कळ होते, म्हणून यूएसबीवाले वाईट असं नाही. वॉट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. फरक जेमतेम जाणवतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. दहा वॉटचा सोडून वीसचा घेण्यासाठी हजार रुपये जास्त मोजू नका. फक्त एक: मार्चपासून जूनपर्यंत आपल्याकडे कुलर खोलीतच घरघरत असतो. त्याच्यावर मात करायची असेल तर अगदीच अडीच वॉटवर राहू नका.

वायर किती लांब हे विचारलंत का? अजून नाही? मग पुढे जाऊ नका. दुकानदाराला खोका उघडायला लावा, वायर सोडायला लावा आणि गाठ मारलेली सुतळी तिच्याशेजारी धरा. तो हसेल. हसू द्या. "पुरते हो दादा, सगळ्यांना पुरते" हे मी ऐकलेलं आहे. सगळ्यांचं टेबल तो बघून आलेला नसतो. आणि उघडलेला खोका परत घेत नाही हे त्याने मला सोमवारी सांगितलं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे वायरीचं टोक कसं आहे ते बघा. दोन्ही बाजूंनी थेट आत गेलेली, काढताच न येणारी वायर असेल तर ती आहे तेवढीच तुमची. कापून जोडता येते, पण वॉरंटीवर पाणी सोडून. एका टोकाला भलतीच, त्याच कंपनीची पिन असेल तरी तीच गत. लाल-पांढऱ्या गोल आरसीए पिना असतील किंवा नेहमीची हेडफोनसारखी पिन असेल तर वाढीव वायर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. आणि दाबून तार अडकवायच्या लाल-काळ्या क्लिपा असतील तर सोन्याहून पिवळं: साधी दोन तारांची वायर हवी तेवढी कापून घ्या आणि लावा. फक्त दोन्हीकडे लाल तार लालमध्येच. एकाच स्पीकरला उलटी लागली तर दोन्ही वाजतात, पण खर्ज गायब होतो आणि गाणारा माणूस समोर न वाटता खोलीभर पसरल्यासारखा वाटतो. स्पीकर बिघडला म्हणून बोंब मारण्याआधी हे बघायचं. यंदा मी क्लिपवालेच घेणार. आवाज थोडा उन्नीस-बीस असला तरी चालेल.

गुणगुण. स्पीकर चालू, गाणं बंद, तरी 'हूंऽऽ' असा बारीक आवाज येत राहतो. दुकानात आला तर तो संच तिथेच ठेवा. घरी आला तर बहुतेक वेळा दोष तुमच्या अर्थिंगचा. सीपीयूच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात का? टेस्टर लुकलुकतो का? मग घराला अर्थिंग नाही, किंवा नावाला आहे. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून थोडासा प्रवाह पत्र्यावर येतच असतो. तो जमिनीत जायचा, वाट नाही म्हणून ऑडिओच्या वायरीतून स्पीकरमध्ये शिरतो. अर्थिंगचा खड्डा असला तरी वैशाखात काळी माती भेगाळून कोरडीठाक होते, तेव्हा त्यात पाणी सोडायला हवं; आमच्याकडे ते कुणी सोडत नव्हतं, आता मी सोडतो. कॉम्प्युटर आणि स्पीकर दोन्हींचे प्लग एकाच बोर्डात लावा, दोन भिंतींवरच्या दोन सॉकेटांत नको. तरी गेली नाही तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी ऑडिओच्या वायरीत मध्ये बसते, स्वस्त असते. स्वस्तातली जराशी घुमक खाते, तेवढं सोसा. पण गुणगुण जावी म्हणून प्लगची तिसरी, जाडी पिन मोडायची नाही. मोडणारे मी पाहिले आहेत. गुणगुण जाते, आणि पत्र्यावर कधी खरा करंट उतरला तर माणूसही जातो.

इन्व्हर्टरवर लाइट असताना घरघर वाढत असेल तर इन्व्हर्टर बहुधा स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे खडबडीत वीज देणारा, आहे. स्पीकर बदलून ती जाणार नाही.

कॉम्प्युटरला जोडताना मागचं हिरवं भोक. गुलाबी माइकचं. पुढच्या बाजूचं हेडफोनचं भोक सोयीचं दिसतं, पण तिथवरची वायर कॅबिनेटच्या आतून सगळ्या गोंगाटातून येते. खरखर ऐकू आली तर मागे जा. सुतळी मोजताना मात्र मागचंच भोक धरून मोजा, पुढचं धरून मोजाल तर दीड फुटाने फसाल. सांगितलं नाही म्हणू नका.

"मग ब्लूटूथच घे ना, वायरीची कटकटच नाही," हा सल्ला मला आतापर्यंत सहा जणांनी दिला. पुष्कळशा डेस्कटॉपमध्ये ब्लूटूथ नसतंच, डोंगल वेगळं घ्यावं लागतं. दुसरं, आवाज चित्राच्या थोडा मागे पडतो. व्हिडिओ बघताना बरेच प्लेयर ते सांभाळून घेतात. पण गेममध्ये, किंवा माझ्यासारखं गाणी कापत-जोडत बसलात तर बटण दाबल्यावर आवाज उशिरा येतो आणि डोकं फिरतं. आणि दोन्ही स्पीकरांमध्ये वायर बहुतेक संचांत तरीही असतेच! ब्लूटूथ फक्त कॉम्प्युटरपासूनची एक वायर वाचवतं. तीनातली एक. उरलेल्या दोन मोजायच्याच.

आवाजाचं बटण हाताला येईल असं पुढे हवं. चालू-बंदचं पाठीमागे असेल तर रोज टेबलाखाली शिरावं लागेल, मी शिरतो. हेडफोनची जागा पुढे असली तर उत्तम. 'मॅग्नेटिक शील्डेड' ही खोक्यावरची बढाई जुन्या, पेटीसारख्या स्क्रीनच्या काळातली. तेव्हा चुंबकाने स्क्रीनवर रंगांचे डाग पडत. आताच्या सपाट स्क्रीनला काही होत नाही, त्यासाठी पैसा नको. पडद्याची कड फोमची असेल तर काही वर्षांत भुगा होते, रबराची टिकते. बोटाने हलकेच दाबून बघा. भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस अंशांत आणि पश्चिमेच्या खिडकीपाशी फोम किती तग धरेल?

जळगावचं गोलाणी मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, दुकानात ऐकताना त्यांचं गाणं ऐकायचं नाही. ते घुमणारंच लावतात. पेन ड्राइव्हमध्ये तुमच्या ओळखीची तीन गाणी न्या: एकात फक्त माणसाचा आवाज, एकात ढोलकी किंवा तबला, एकात बरंच काही एकदम. मी आता मावशीची कानबाईची ओवी नेणार आहे. तिचा आवाज कसा आहे हे मला कुठल्याही यंत्राने सांगायची गरज नाही, त्यामुळे स्पीकर खोटं बोलला तर लगेच कळेल. आधी हळू वाजवा. हळू आवाजात शब्द कळले तर स्पीकर बरा. मग पूर्ण मोठा करा आणि फाटतो का ते पाहा. दुकानाच्या गोंगाटात खर्ज नीट कळत नाही, त्यावर फार डोकं लावू नका.

बिल पक्कं घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या. ॲडाप्टरवर बीआयएसचा आर-ने सुरू होणारा नंबर आहे ना बघा. पैसे देण्याआधी सुतळी. मोजली असेल तरी पुन्हा.

घरी आल्यावरचं थोडक्यात, कारण आता हात दुखायला लागले. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं, तिघांमध्ये सारखं अंतर. वरचा छोटा पडदा कानाच्या उंचीला, नाहीतर खाली काहीतरी ठेवून तोंड वर करा. स्पीकरला पाठीमागे हवेचं भोक असेल तर भिंतीपासून वीतभर पुढे. डबा कोपऱ्यात कोंबला की नुसता गडगडतो, जरा बाहेर ओढा. डब्याच्या भोकावर जाळी लावा, उंदीर आत संसार थाटतात. आवाजच आला नाही तर विंडोजमध्ये आउटपुट बघा. बहुतेक वेळा ते एचडीएमआयच्या स्क्रीनवर गेलेलं असतं. वायरी टेबलाच्या मागे बांधून टाका, घरात पोरं असली तर आजच.

आणि खोका महिनाभर सांभाळा, बदलायची वेळ आली तर तोच लागतो. मीही सांभाळला होता. आईने त्यात कानबाईच्या आराशीचं सामान भरून माळ्यावर टाकलंय, आणि तो खाली काढायला सांगायची माझी टाप नाही.