मी साईटवर यायच्या आधी एवढं तयार ठेवा

कोल्हापुरात पावसाळ्याच्या आत बेसमेंटची खुदाई उरकायची म्हणून एप्रिल-मेमध्ये सगळ्यांचे फोन एकदमच येतात, आणि सेफ्टीसाठी मला बोलवतात तेव्हा खड्डा अर्धा झालेला असतो. तसं करू नका, जेसीबी सांगायच्या आधी बोलवा.

पहिलं म्हणजे मंजूर नकाशा, आणि तो शेवटचा मंजूर झालेलाच पाहिजे. डिसेंबर 2020 मध्ये राज्याची युनिफाईड डीसीपीआर, म्हणजे बांधकामाची एकच नियमावली, लागू झाली, तिच्यात पुढं बदलही होत राहिले, त्यामुळं कित्येकांनी मधेच रिवाईज परमिशन घेतलीय, पण साईटच्या शेडमध्ये जुनाच नकाशा चिकटवलेला असतो आणि मिस्त्री त्याच्यावरूनच लाईनआऊट, म्हणजे जमिनीवरची आखणी, देतो. राजारामपुरीत एका साईटवर हेच बघितलं, नव्या नकाशात बेसमेंटची भिंत आत सरकलेली आणि खुदाई जुन्या मापानं थेट शेजारच्या कंपाऊंडला चिकटून, कंपाऊंडचा पाया उघडा पडलेला. तेव्हा जुन्या प्रिंटवर लाल पेनानं मोठं 'रद्द' लिहा आणि शेडमधून काढाच. प्रारंभ प्रमाणपत्राची, म्हणजे बांधकाम सुरू करायच्या परवानगीची, तारीखपण बघून ठेवा, वर्षाला नूतनीकरण लागतं, राहिलं असेल तर आर्किटेक्टला आजच फोन लावा.

दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली असल्या भागात प्लॉट असेल तर निळी आणि लाल पूररेषा कुठनं जाते ते नकाशावर दाखवून घ्या, आणि 2019 ला अन् 2021 ला पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा, भिंतीवरची खूण ते बोटानं दाखवतात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा पातळी, 43 धोका. लेबरच्या झोपड्या कुठल्या फुटाला हलवायच्या हे आत्ताच ठरवा, 43 ची वाट बघायची नाही.

लेबरची यादी हवी, नाव, गाव, घरच्यांचा नंबर. निम्मी माणसं विजापूर-कलबुर्गीकडची असतात, मराठीत सूचना देऊन त्यांना काय कळणार, कन्नड बोलणारा एक मुकादम त्या दिवशी हजर ठेवा. हेल्मेट आयएस 2925 चा शिक्का असलेलं, तात्पुरत्या लाईटच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच), ॲम्ब्युलन्सचा 108 नंबर आणि सीपीआर या सरकारी हॉस्पिटलला जायचा रस्ता सुपरवायझरला पाठ, एवढं झालं की हा विषय संपला.

आता खड्डा. दीड मीटरच्या खाली गेलात की मातीला आधार द्यायचा, नाहीतर बाजू तिरक्या कापायच्या, आणि काढलेली माती काठापासून निदान दीड मीटर लांब, खड्डा खोल असेल तर त्याहून लांब. जागा नाही म्हणून काठावरच ढीग लावतात आणि डंपर तिथंच रिव्हर्स घेतात, मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. काळी माती उन्हात दगडासारखी उभी राहते म्हणून लोक निर्धास्त असतात, पण एक वळीव झाला की तीच लोण्यासारखी खाली येते आणि खाली माणूस वाकून सळई बांधत असतो. उतरायला-चढायला शिडी पाहिजे, काठाच्या वर मीटरभर आलेली.

मंगळवार पेठ, शुक्रवार पेठेसारख्या ठिकाणी शेजारी जुनं दगड-मातीचं घर असतंच. खुदाईच्या आधी त्या घरात जा, चहा घ्या, घरमालकासमोर प्रत्येक भेगेचा फोटो काढा, आणि भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरनं बसवून खाली तारीख लिहा. प्लास्टर वाळायला वेळ द्यायचा, म्हणून हे मी यायच्या दोन दिवस आधीच करून ठेवा. रोज सकाळी काम चालू करायच्या आधी सुपरवायझरनं जाऊन पट्टी बघायची. काच तडकली म्हणजे भिंत हलली. मग कोणाला विचारत बसू नका, माणसं खड्ड्यातनं वर काढा, घरातल्यांना बाहेर बोलवा आणि मग मला फोन करा, कितीही वाजलेले असूदेत.