टेस्ट ड्राइव्ह यवतेश्वरच्या घाटात घ्या : छोटी सेदान घेताना आणि चालवताना या चुका टाळा

२०१९ पासून आमच्या घरी छोटी सेदान आहे, १.२ पेट्रोल मॅन्युअल, ८० हजार किलोमीटरच्या वर चाललीये आणि घरातले सगळे अजून तिच्यावर खूश आहेत. त्यामुळे साताऱ्यात गोडोलीतलं, शाहूपुरीतलं, ऑफिसातलं कोणीही गाडी घ्यायला निघालं की फोन मला येतो आणि मी पण हौसेनं शोरूमला सोबत जातो. गाडी घेऊन वर्ष झालं की त्यांना परत विचारतो, काय आवडलं, काय खटकलं. आत्तापर्यंत एक गोष्ट पक्की कळलीये, गाडीच वाईट निघाली असं फार कमी होतं, चूक होते ती घेताना नाहीतर चालवताना, आणि चुका सगळ्यांच्या त्याच त्याच असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे टेस्ट ड्राइव्ह. शोरूमचा मुलगा शेजारी बसतो, सर्व्हिस रोडनं वाढे फाट्यापर्यंत नेतो, वळवून परत आणतो, गाडीत दोनच माणसं, रस्ता सपाट, एसी गार. अशी कुठलीही गाडी भारीच वाटणार. पण आपण राहतो साताऱ्यात. आपली गाडी कासला जाणार, ठोसेघरला, सज्जनगडला जाणार, पाहुणे आले की महाबळेश्वरला जाणार, आणि तेव्हा आत आईवडील, बायको, पोरं आणि डिकीत बॅगा असणार. म्हणून टेस्ट ड्राइव्हला घरची चार माणसं घेऊन जा आणि समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढा, एसी चालू ठेवून. जागा बघून, मागून कोणी येत नाही याची खात्री करून, चढावर एकदा मुद्दाम थांबा आणि परत गाडी उचला. दुसऱ्या गिअरला गाडी दम टाकते का, हिल होल्ड (चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर मागे न जाऊ देणारी सोय) असेल तर धरतो का, मागे बसलेल्या आईचे गुडघे पुढच्या सीटला टेकतात का, सगळं त्या वीस मिनिटांत कळतं. शोरूमवाले आधी का-कू करतात पण ठाम राहिलं की गाडी देतात, आणि नाहीच दिली तर दुसरं शोरूम बघा, सात-आठ लाख आपण देणार आहोत.

हे एवढं का सांगतोय तर या गाड्यांचं इंजिन छोटं असतं आणि त्याला कारण आहे. २००६ च्या बजेटमधे चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोलला १२०० सीसीच्या आतल्या गाड्यांची एक्साइज कमी केली, तिथून हा प्रकार सुरू झाला. पहिली स्विफ्ट डिझायर २००८ ला आली ती चार मीटरपेक्षा लांब होती, मग २०१२ ला मागून कापून ३९९५ मिमी केली. आज जीएसटीला पण पेट्रोलसाठी तीच अट आहे, २२ सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांवर १८ टक्के, त्याआधी सेस धरून २९ होता. म्हणजे स्वस्त पडते ती या मापामुळेच. ताकद म्हणाल तर आजच्या छोट्या सेदानमधे डिझायर ८२ पीएस, ऑरा ८३, टिगोर ८६, अमेझ ९०, टॉर्क (म्हणजे ओढायचा जोर) सगळ्यांचा ११० ते ११४ न्यूटन-मीटरच्या घरात. कागदावर सारखंच वाटतं पण डिझायर आणि टिगोर तीन सिलिंडर, ऑरा आणि अमेझ चार सिलिंडर, आणि तीन सिलिंडरची थरथर सिग्नलला उभं असताना सीटमधून जाणवते. काहींना चालतं, काहींना अजिबात नाही. आमच्या आईला लगेच कळलं होतं, मला शेवटपर्यंत नाही. म्हणून म्हणतो, घरच्यांना बसवा.

ऑटोमॅटिकच्या बाबतीत लोक फक्त "क्लच नाही ना, झालं" एवढंच बघतात. एएमटी आणि सीव्हीटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एएमटीमधे आपलाच नेहमीचा क्लच असतो, फक्त तो मशीन दाबतं. त्यामुळे चढावर ब्रेक सोडून नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली की क्लच आतल्या आत घासत राहतो. कोरेगावच्या मित्रानं एएमटी घेतलीये, शहरात एकदम सुखी आहे पण घाटात तो मॅन्युअल मोडला टाकतो, नाहीतर ऐन वळणावर गिअर बदलतो आणि गाडी क्षणभर मरते. कऱ्हाडच्या दाजींकडे सीव्हीटी आहे, म्हणजे जिच्यात गिअरच्या पायऱ्याच नसतात, ते म्हणतात लोण्यासारखी चालते, फक्त ओव्हरटेकला पाय दाबला की आधी आवाज वाढतो मग गाडी पळते, तेवढी सवय करून घ्यायची.

सीएनजीचं गणित मात्र प्रत्येकानं कागदावर मांडाच. पेट्रोल १०५ आणि सीएनजी ९५ धरा. आपल्या रस्त्यांना पेट्रोल १७ ॲव्हरेज आणि सीएनजी २५ धरलं तर किलोमीटरमागे पेट्रोलला ६ रुपये १८ पैसे, सीएनजीला ३ रुपये ८०. वाचतात २ रुपये ३८ पैसे. गाडीत जास्तीचे ९० हजार घातले असतील तर ते वसूल व्हायला ३८ हजार किलोमीटर लागतात. रोज सातारा ते लोणंद किंवा कऱ्हाड अपडाऊन असेल तर दोन वर्षांत सुटतात, डोळे झाकून घ्या. वर्षाला ८ हजार चालणार असेल तर पावणेपाच वर्षं. आणि त्यात डिकी जाते (टिगोरला दोन छोट्या टाक्या खाली बसवल्यात त्यामुळे बरीच जागा वाचते), डिझायरची ताकद ८२ वरून ७० पीएसवर येते, दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) करावी लागते, आणि पंपावरची रांग वेगळी. घाट चढताना सरळ पेट्रोलवर टाका, बटण त्यासाठीच आहे.

पैशाच्या बाजूची चूक म्हणजे एक्स-शोरूमवर, म्हणजे टॅक्स-इन्शुरन्स न धरलेल्या किमतीवर, बजेट ठरवणं. आपल्याकडे दहा लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आहे, म्हणजे ८ लाखाच्या गाडीला ८८ हजार तिथंच गेले. वर इन्शुरन्स, आणि मग ॲक्सेसरीजचं पॅकेज, कोटिंग, हँडलिंग चार्जेस अशा ओळी असतात. प्रत्येक ओळ कशाची ते विचारा आणि नको ती काढायला लावा. इन्शुरन्स शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरून कोटेशन आणा, मित्राचे तसे ११ हजार वाचले. थर्ड पार्टी तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, आपल्या गाडीच्या नुकसानीचा दरवर्षी. पावसाळ्यात कासच्या, पाटणच्या बाजूला जाणारे असाल तर झिरो डेप (पार्टच्या किमतीत घसारा न कापणारं कव्हर) सोबत इंजिन प्रोटेक्ट (पाणी जाऊन इंजिन बिघडलं तर त्याचं कव्हर) घ्या. जुनी गाडी विकून नवी घेताय तर जुन्या पॉलिसीचा एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट) नव्या गाडीला लावून घ्या, तो मालकाचा असतो, गाडीचा नाही. ५० टक्क्यांपर्यंत असतो आणि लोक तो चक्क सोडून देतात.

डिलिव्हरी दसऱ्याला घ्या, पाडव्याला घ्या, पण गाडी दोन दिवस आधी दिवसाउजेडी बघून या. मुहूर्ताच्या दिवशी रांग असते, हार घालून चावी हातात देतात, फोटो काढतात, कोणाला काही बघायला वेळ नसतो. टायरवर चार आकडे असतात, २४२५ म्हणजे २०२५ चा २४ वा आठवडा. पाचही टायरचे बघा. गाडी कुठल्या महिन्यात बनली ते विचारून लिहून घ्या. दारांच्या कडेला रंगात फरक दिसतोय का, डिकीत स्टेपनी, जॅक, पाना आहे का, किलोमीटर किती झालेत, एवढं बघायला अर्धा तास लागतो.

आता चालवण्याकडे येतो आणि इथं जरा जास्त लिहिणार आहे, कारण यात जिवाचा प्रश्न आहे.

गाडी घेतली त्याच वर्षी ऑक्टोबरमधे पाचगणीहून पसरणी घाटानं वाईला उतरत होतो. गाडीत पाच जण. मी चौथ्या गिअरला, कधी न्यूट्रलला, ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत होतो, पेट्रोल वाचतं अशी तेव्हा समजूत होती. अर्ध्यात जळका वास यायला लागला, पुढच्या वळणाला पेडल दाबलं तर नेहमीपेक्षा खोल गेलं आणि गाडी थांबायला लागली तेवढी थांबेना. आप्पा, म्हणजे वडील, शेजारी होते, त्यांनी आयुष्यभर ट्रॅक्टर आणि जीप चालवलीये, ते एवढंच म्हणाले, "दुसरा टाक." दुसरा टाकला, इंजिन ओरडलं पण गाडी धरली, आणि पुढं रुंद जागा बघून उभी केली. तो दिवस मी विसरलेलो नाही.

तर ज्या गिअरला घाट चढतो त्याच गिअरला उतरायचं. न्यूट्रलला पेट्रोल वाचत नाही, उलट जातं, कारण आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांमधे गिअरमधे असताना आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असताना इंजिन पेट्रोल बंद करतं, चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल द्यावंच लागतं. ब्रेक सारखा धरून न ठेवता थोडा दाबायचा आणि सोडायचा. एएमटीला मॅन्युअल मोड, सीव्हीटीला खालची रेंज. आणि तरी वास आलाच, पेडल मऊ झालं तर खालच्या गिअरला टाका, सुरक्षित जागी थांबा, पहिला गिअर टाकून चाकाला दगड लावा आणि अर्धा तास नुसते बसा. डिस्कवर पाणी ओतू नका, गरम लोखंडावर गार पाणी पडलं की डिस्क वाकडी होते. घरी आल्यावर ब्रेक ऑइल आणि पॅड दाखवून घ्या. ब्रेक ऑइल जुनं झालं की पाणी शोषून घेतं आणि असं गरम झाल्यावर लवकर दगा देतं. ते बदलायची मुदत मॅन्युअलमधे लिहिलेली असते, लोक फक्त इंजिन ऑइल बदलतात.

चढताना दुसरा वास येतो तो क्लचचा. कासच्या फुलांच्या सीझनला सप्टेंबरात रविवारी यवतेश्वरला गाड्यांची रांग लागते आणि लोक हाफ क्लचवर गाडी धरून उभे असतात, दर दहा फुटाला. अशा दोन सीझनमधे माझी क्लच प्लेट गेली, साडेनऊ हजार लागले, तेव्हापासून हँडब्रेक ओढतो, क्लच पूर्ण सोडतो, आणि पुढची गाडी चांगली वीस फूट गेली की मगच उचलतो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू दे.

स्पीडब्रेकरला खाली घासते ही तक्रार सेदानवाल्या प्रत्येकाची. कंपनी सांगते तो आकडा, डिझायरला १६३ मिमी, अमेझला १७२, हा रिकाम्या गाडीचा समजा. पाच जण बसले की मागून गाडी बसते. गावातल्या उंच स्पीडब्रेकरला जवळपास थांबून पहिल्या गिअरला घ्या आणि पुढची चाकं चढायच्या क्षणी ब्रेक सोडा, ब्रेक दाबलेला असला की नाक खाली झुकतं आणि तिथंच घासतं. दुसरं म्हणजे हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यात फुल लोडला मागच्या टायरची हवा वेगळी दिलेली असते, तेवढी गाडी गार असताना भरा. एवढं करूनही घासत असेल तर सस्पेन्शन दाखवा. स्प्रिंगमधे रबर बसवून गाडी उचलायच्या मागे लागू नका, वळणावर गाडी वेगळी वागायला लागते.

नोव्हेंबरपासून ऊस सुरू झाला की रहिमतपूर, कोरेगाव रोडला रात्री ६० च्या वर जाऊच नका. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर, आणि समोरून कोणीतरी अप्पर मारून येतोय. सेदानमधे आपण खाली बसतो, समोरचा उजेड थेट डोळ्यात येतो. काच आतून पण रोज पुसा, आतल्या काचेवर धूळ आणि तेलकट थर असतो त्यानं तो उजेड अजून पसरतो. धुक्यात चारही इंडिकेटर लावून गाडी चालवणारे भरपूर दिसतात, तसं करू नका. तुम्ही थांबलाय की चालताय, कुठं वळताय हे मागच्याला कळत नाही. लोअर आणि फॉग लाइट पुरेसे. पाण्यातून जाताना गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही, ढकलून बाहेर काढायची आणि टो करायची. स्टार्टर मारला की आत गेलेलं पाणी दाबलं जातं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

सीट कव्हर घेताना एक बघा, पुढच्या साइड एअरबॅग सीटच्या कडेतून उघडतात. बाजारातलं जाड कव्हर घट्ट शिवून बसवलं की ती एअरबॅग अडकते. एअरबॅगवालं म्हणून वेगळं कव्हर मिळतं तेच घ्या. तसंच कंपनीच्या मॅटवर दुसरी जाड मॅट टाकू नका, सरकून ॲक्सिलरेटरखाली अडकते.

शेवटचं, ज्यांच्या घरी पोरं पुण्याला आणि गाडी इथं आईवडिलांकडे उभी असते त्यांच्यासाठी. उभ्या गाडीची बॅटरी उतरते आणि उंदीर वायरी खातात. नुसती जागेवर दहा मिनिटं चालू ठेवून बॅटरी नीट चार्ज होत नाही, गाडी पळवावी लागते. बॉनेट उघडून महिन्यातून एकदा आत लेंड्या, कापूस, कुरतडलेलं काही दिसतंय का बघा, आणि गाडीत खाण्याचं काही ठेवू नका, कंदी पेढ्याचा रिकामा बॉक्ससुद्धा. आमचे आप्पा दर गुरुवारी सकाळी गाडी काढून लिंबपर्यंत जाऊन येतात, आईला सोबत घेऊन, आणि आल्यावर टायरची हवा स्वतः बघतात.