शाफ्टला वेल्डच्या शेजारी तडा का जातो?

माइल्ड स्टीलवर (कमी कार्बनच्या पोलादावर) चालणारी वेल्डिंगची पद्धत ०.४५ टक्के कार्बनच्या शाफ्टवर वापरली, की तडा बहुधा वेल्डमध्ये नाही, त्याच्या लगतच्या तापलेल्या पट्ट्यात जातो. भोवतालचं थंड, जाड पोलाद उष्णता झपाट्याने ओढून घेतं आणि तिथे मार्टेन्साइट नावाची पोलादाची रचना तयार होते: कठीण, पण ठिसूळ. त्यात वेल्डिंग रॉडवरच्या ओलसर फ्लक्समधला (लेपामधला) हायड्रोजन शिरला आणि जोडावर ताण असला, की चीर पडते. कधी दोन दिवसांनीसुद्धा. म्हणून अंतिम तपासणी ४८ तासांनंतरच करावी.

धातूचं सर्टिफिकेट हाताशी असेल तर कार्बनच्या टक्केवारीत मँगेनीजच्या टक्केवारीचा सहावा भाग मिळवून पाहा; बेरीज जितकी जास्त, तितका तडा जाण्याचा धोका जास्त. ०.४५ कार्बन आणि ०.७५ मँगेनीज असेल तर बेरीज ०.५७५ येते, म्हणजे प्रीहीट (वेल्डिंगआधी धातू तापवणं) टाळता येणार नाही. (क्रोमियम, मॉलिब्डेनम असतील तर त्यांच्या बेरजेचा पाचवा भागही धरा.)

शाफ्ट २०० ते २५० अंश सेल्सिअसपर्यंत सावकाश तापवा. टेम्परेचर चॉक (ठरावीक तापमानाला वितळणारा खडू) ज्योत लागते तिथे नको, जोडापासून सुमारे ७५ मिलिमीटरवर लावा. नुसती कातडी तापून उपयोग नाही, उष्णता आतपर्यंत पोचायला हवी. प्रत्येक पासआधी (वेल्डच्या प्रत्येक थराआधी) तापमान पुन्हा बघा. रॉड ई७०१८च (कमी हायड्रोजनचा) घ्या आणि पाकीट उघडं राहिलं असेल तर कंपनीने दिलेल्या तापमानाला, सहसा ३०० ते ३५० अंशांवर, तासभर भाजून घ्या. तेल, ग्रीस, गंज आधी साफ. त्यांतूनही हायड्रोजन येतो.

वेल्डिंग झाल्यावर पाणी किंवा पंखा अजिबात नको. कोरड्या वाळूत किंवा सिरॅमिक ब्लँकेटमध्ये झाकून निवू द्या.